मथूची मालकीण

१

फोटो चोरीला गेला तो बिस्किटांच्या डब्यातून, आणि त्याची नक्कल परत आली ती वकिलाच्या नोटिशीला टाचून. चोरीचा माल इतक्या सरळ रस्त्याने घरी आल्याचं दुसरं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

सरलाबाई ती नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा ब्याऐंशीच्या मे महिन्यातली दुपार होती आणि मी, खरं सांगायचं तर, झोपलो होतो. मालवणात निबंधकांच्या कचेरीबाहेर पडवीत माझं टेबल. खरेदीखतं, मृत्युपत्रं, दत्तकपत्रं लिहून देणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. दुपारी समुद्रावरून वारा आला की कागदांवर दगड ठेवून डोळे मिटायचे, हा तितकाच जुना दुसरा. 'अप्पा झोपेत दस्त लिहितात' अशी माझी थट्टा होते. होऊ दे. मिटल्या डोळ्यांनी मला पुष्कळ गोष्टी नीट दिसतात, हे थट्टा करणाऱ्यांना ठाऊक नाही.

सरलाबाई कट्ट्याच्या शाळेत शिक्षिका. मूळच्या खारेपाटणच्या, लग्न न केलेल्या. दोन वर्षांपूर्वी, ऐंशीच्या जानेवारीत, त्यांनी मथुरा नावाची साडेचार वर्षांची मुलगी दत्तक घेतली. दत्तकपत्र मीच लिहिलं. मथूची आई लीला ही सरलाबाईंची जिवाभावाची मैत्रीण, छातीच्या दुखण्याने खंगलेली. नवरा गंगाराम बोटीवर नोकरीला होता, तो त्याआधीच वारला होता. विधवा आई मूल देऊ शकते, अविवाहित बाई मूल घेऊ शकते. छप्पन सालच्या कायद्यात दोन्ही बसत होतं. सही करून तीन महिन्यांत लीला गेली.

नोटीस होती नर्मदा नावाच्या विधवेतर्फे. लीलाच्या सासरघराची ती शेजारीण. तिचं म्हणणं असं, की पंच्याहत्तर सालच्या जुलैत मथू जन्मली त्याच आठवड्यात आईवडिलांनी तिला रीतसर नर्मदेच्या मांडीवर दत्तक दिलं. पुरावा म्हणून फोटो. आणि एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा कुणाला दत्तक देता येत नाही, म्हणून सरलाबाईंचं दत्तकपत्र रद्द. मुलगी पंधरा दिवसांत नर्मदेच्या हवाली करावी.

सरलाबाईंना जूनमध्ये कोल्हापुरात मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती. मथूचा दाखलासुद्धा काढून झाला होता.

"हे खरं ठरलं तर काय होईल, अप्पा?" त्यांनी विचारलं.

"तर कायद्याने मथू तुमची कधी झालीच नव्हती," मी म्हटलं. लपवून काय करणार?

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं आणि सांगितलं, की फोटो खोटा नाही. लीलानेच जाण्यापूर्वी तो डबा दिला होता, आणि बजावलं होतं की हा फोटो कुणाला दाखवू नको आणि याबद्दल कुणाला विचारू नको. सरलाबाईंनी दोन्ही पाळलं होतं.

फोटो पाहता पाहता मला ते दत्तकपत्र आठवलं. दत्तकपत्र लिहिताना मी प्रत्येकाला पाच प्रश्न विचारतो. चौथा असतो, मूल पूर्वी कुणाला दिलेलं आहे का. त्या दिवशी लीला जरा थांबली होती. मग किंचित हसून म्हणाली होती, "कायद्यान नाय, अप्पा."

वारा छान होता, डोळ्यांवर पेंग होती. मी 'नाही' असं लिहून पुढे गेलो होतो.

२

फोटो असा होता. कौलारू घराची पडवी. उजवीकडे पाटावर नर्मदा, मांडीवर तान्हं मूल. डावीकडे भिंतीला टेकून लीला, डोक्याला फडकं बांधलेलं. दोघींच्या मध्ये एक सूप आणि त्यात कसलीशी रास. त्या राशीवर पांढुरकं धुकं, फोटो धुताना डाग पडावा तसं. मागे पाटा-वरवंटा, त्याला फुलं वाहिलेली. आणि फोटोच्या चार कोपऱ्यांत चार बारीक काळे ठिपके.

नोटिशीत लिहिलं होतं की सुपात तांदूळ आणि नारळ आहेत आणि उपाध्यायांनी होम करून विधी पार पाडला. मला उपाध्याय कुठे दिसेना. म्हटलं, बिचारा फोटोबाहेर बसला असेल.

दुसऱ्या दिवशी मी कट्ट्याला गेलो आणि सरलाबाईंच्या घरी तो डबा पाहिला. आत चांदीचे वाळे होते, गंगारामचं बोटीवरच्या नोकरीचं पुस्तक होतं, लीलाची काचेची दोन काकणं होती. चोराने वाळ्यांना हात लावला नव्हता. झाकण नीट बसवून डबा फळीवर होता तिथेच ठेवला होता. होळीला सरलाबाईंनी मथूला वाळे दाखवले तेव्हा फोटो जागेवर होता. म्हणजे तो गेला मधल्या दोन महिन्यांत, दिवसाढवळ्या, घरात येण्याची मुभा असलेल्या माणसाच्या हातून.

असं कोण येतं, मी विचारलं. दर सोमवारी मथूची आजी सुभद्रा येते, म्हणजे गंगारामची आई. महिन्या-दोन महिन्यांनी काका भिकाजी येतो. नर्मदा येत नाही. कुंपणापाशी उभी राहून मथूला हाक मारते.

"येत का नाही?"

सरलाबाई जरा ओशाळल्या. गेल्या जुलैत मथूच्या वाढदिवसाला नर्मदा मूठभर भाताचा कोंडा घेऊन आली होती. त्यांना वाटलं कोंबड्यांसाठी आणलाय, म्हणून त्यांनी तो तिच्यासमोरच अंगणात टाकला. त्या दिवसापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही.

मथू तिथेच पाटीवर चित्र काढत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आता कोंडो ती आजीकडे देता. आजी तो म्हशीक घालणा नाय. फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवता."

सरलाबाईंनी तिचं 'देता' सुधारून 'देते' केलं. मी मात्र त्या फडक्याचाच विचार करत राहिलो.

३

भिकाजीचं चहाचं हॉटेल तळेऱ्याच्या तिठ्यावर. विजयदुर्गकडे जाणाऱ्या गाड्या तिथे वळतात, आणि वळण्याआधी ड्रायव्हरला भिकाजीची भजी लागतात. मी गेलो तेव्हा तो कढईपुढे घामाघूम उभा होता आणि मला पाहून अजिबात खूश झाला नाही.

माझा संशय त्याच्यावरच होता, हे कबूल करतो. घरात मूल नाही, आणि भावाची एकुलती एक मुलगी परक्या बाईच्या नावावर. हे दुखणं त्याने अख्ख्या तिठ्याला ऐकवलेलं. तो लपवतही नव्हता.

"आमचा रगात परक्याच्या घरात वाडता, ह्या माका आवडणा नाय," तो म्हणाला. "पण फोटो मी चोरूक नाय."

मी त्याला मथू जन्मली त्या दिवसांबद्दल विचारलं. तो तेव्हा मुंबईत गिरणीत होता. पत्राने कळलं इतकंच. गंगारामच्या आधीच्या दोन पोरांच्या वेळी मात्र तो घरी होता. दोघं महिन्याच्या आत गेली. पहिला मुलगा सातव्या दिवशी, दुसरी मुलगी विसाव्या. ते सांगताना त्याने गॅस बारीक केला. आपली आवस, म्हणजे आई, त्या दिवसांत महिनाभर कुणाशी बोलली नव्हती, असं म्हणाला.

"मग वकिलाकडे कोणी नेलं नर्मदेला?"

"मीच. नर्मदाकाकीन सांगल्यान, मी न्हेलंय. पण गाडीत दोघींनी तोंडातसून एक अक्षर काडूक नाय."

मी चहाचा कप खाली ठेवला. "दोघी? दुसरी कोण?"

तो माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की एवढंही ठाऊक नाही तर आलात कशाला.

"आमची आवस," तो म्हणाला.

४

म्हणजे सख्खी आजी नातीवर दुसरीचा हक्क सांगायला निघाली होती. गाडीत परतताना मी हे वाक्य पन्नासदा उलटंपालटं करून पाहिलं. कुठूनही ते सरळ बसेना.

सुभद्रा आणि नर्मदा यांची घरं कट्ट्याच्या बाजारामागे, मध्ये फक्त एक दगडांचा गडगा. रातांब्यांचे दिवस होते. दोन्ही अंगणांत कोकमं वाळत होती आणि सगळ्या वाडीला आंबटगोड वास सुटला होता. उन्हाने जमीन हलल्यासारखी वाटत होती.

आधी नर्मदेला गाठलं. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने बारीक. मी विचारलं, की बाई, त्या दिवशी नेमकं काय झालं ते मला सांगा.

ती उठून उभी राहिली, आणि माझ्याकडे नव्हे, दाराबाहेर पाहत, खड्या आवाजात म्हणाली, "होय. चेडू माझा. पाचव्या दिसापास्ना माझा."

मी बहिरा नाही. तीही नव्हती. आम्ही दोघं चार हातांवर होतो आणि ती माडांच्या आगरापलीकडे ऐकू जाईल एवढ्याने बोलली होती. होम कोणी केला, सुपात काय होतं, गंगाराम काय म्हणाला, असं मी आणखी पाच-सहा प्रकारे विचारलं. प्रत्येक वेळी तेच, पोर माझी, तसंच मोठ्याने. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी. खोटं बोलणारी बाई रडत नाही असं नाही, पण ती अशी रडत नाही.

मग गडगा ओलांडून सुभद्रेकडे. ही सत्तरीची, ताठ. मी तिला ओळखत होतो. दत्तकपत्राच्या दिवशी ती माझ्या टेबलाजवळच्या पायरीवर बसून होती. मी विचारलं, "आजी, तुमची नात कोल्हापूरला जातेय म्हणून हे चाललंय का?"

"नर्मदेचा चेडू," ती म्हणाली.

"मथू. तुमच्या गंगारामची मुलगी."

"नर्मदेचा चेडू," ती पुन्हा म्हणाली, आणि रातांबे उलटू लागली.

ज्या मुलीला भेटायला ही बाई दर सोमवारी उन्हातान्हात जाते, तिला ती एकदासुद्धा 'माझी नात' म्हणायला तयार नव्हती. निघताना कोनाड्याकडे नजर गेली. तिथे एका ओळीत सहा गाठोडी होती, मुठीएवढी, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बांधलेली. मी बोट दाखवलं मात्र, म्हातारीने पुढे होऊन पदराने कोनाडा झाकला.

"अप्पा," ती एवढंच म्हणाली, "तुमका हात जोडतंय. विचारू नकात."

५

नोटिशीचे बारा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेबलाशी बसलो, कागदांवर दगड ठेवला आणि डोळे मिटले. माडांच्या झावळ्या सळसळत होत्या. अर्धवट झोपेत फोटो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्यातला वारा वाहू लागला.

हो, वारा. सुपावरचं ते धुकं म्हणजे डाग नव्हता. सुपातलं काहीतरी उडत होतं. तांदूळ वाऱ्याने उडत नाही. कोंडा उडतो.

मागच्या फुलं वाहिलेल्या पाट्याकडे मी इतके दिवस नुसता पाहत होतो. बाळंतिणीच्या घरात पाटा-वरवंट्याची पूजा होते ती पाचवीला. म्हणजे फोटो मथूच्या पाचव्या दिवसाचा, आणि नर्मदाही पाचव्या दिसापास्ना असंच म्हणत होती. दहा दिवस घराला सोयर असतं. त्या दिवसांत कुठला भटजी होम करायला येईल? तो होम वकिलाच्या कारकुनाने आपल्या मनाने पेटवला होता.

मग त्या पडवीत काय चाललं होतं? ते मला माहीत होतं. माझ्या आजोळी ते झालं होतं. मुलं जगत नाहीत अशा घरी नवं मूल जन्मलं, की सटवी रात्री त्याचं नशीब लिहायला येण्याआधी ते विकून टाकायचं. जिचं काही वाईट होणार नाही अशी शेजारीण बघायची. किंमत एक सूपभर कोंडा, कारण जे मूल कोंड्याच्या भावाने गेलं त्याच्याकडे वाकडी नजर कोण टाकणार? मग शेजारीण म्हणते, माझं लेकरू तुमच्याकडे सांभाळायला ठेवते. सटवी येते, विचारते, हे मूल कोणाचं? उत्तर मिळतं, शेजारणीचं. आणि ती पाटी कोरी ठेवून निघून जाते. मालकिणीने दर वर्षी मूठभर कोंडा आणून आपली मालकी जिवंत ठेवायची. बारा वर्षं हा बहाणा आहे असं कुणी तोंडाने बोलायचं नाही. बोललं, की ती ऐकते.

म्हणून लीला हसली होती. म्हणून फोटोबद्दल कुणाला विचारू नको म्हणाली होती. म्हणून नर्मदा दाराबाहेर बघून ओरडत होती. ती मला सांगतच नव्हती.

चोरही आता अंधारात राहिला नाही. डब्यात फोटोशेजारीच गंगारामचं पुस्तक होतं. भिकाजी वाचणारा माणूस. त्याने फोटो घेतला असता तर पुस्तक मागे ठेवलं नसतं, का ते पुढे येईलच. पुस्तक ठेवून फोटो नेला तो वाचता न येणाऱ्या माणसाने. नर्मदा वर्षभर त्या घरात गेलेली नाही. राहिली सोमवारची सुभद्रा.

आणि एकदा दिलेलं मूल पुन्हा देता येत नाही, हे तिला कोणी शिकवलं? मीच. ऐंशीच्या जानेवारीत, या टेबलावर, मोठ्या रुबाबात सगळ्यांना कायदा समजावून देत होतो. पायरीवर बसलेली म्हातारी ऐकत होती.

आता माझ्यापुढे खरा पेच उभा राहिला. न्यायाधीशांपुढे एवढंच म्हणायचं होतं, की ही कोंड्याची विक्री होती, नाटक होतं, यात मूल देण्याचा हेतू नव्हता. दावा तिथल्या तिथे पडला असता. पण ते म्हणायचं म्हणजे भर कचेरीत, सटवीच्या कानाशी, मथू नर्मदेची नाही असं ओरडून सांगायचं. माझा या गोष्टींवर विश्वास आहे का? नाही. पण दोन पोरं पुरलेल्या बाईपुढे माझ्या अविश्वासाची किंमत काय? मथूला पुढच्या पाच वर्षांत नुसता ताप जरी आला असता, तरी तो तिने माझ्या तोंडावर मांडला असता आणि मी मान खाली घातली असती.

न बोलता जिंकायचं कसं? मी पुन्हा डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे ते चार काळे ठिपके आले.

६

दोन दिवसांनी मी सुभद्रेच्या पडवीत जाऊन बसलो. नर्मदेलाही बोलावून घेतलं. पाणी प्यालो, आणि म्हटलं, "माका परवा दुपारी एक सपान पडला. सपान सांगूक हरकत नाय मा?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"सपनातला बोलणा कोणाच्या कानार पडणा नाय," नर्मदा हळूच म्हणाली. मला पाहिजे होतं ते उत्तर मिळालं.

मग मी स्वप्न सांगितलं. एका घरी दोन पाळणे रिकामे झाले होते. तिसरा हलला तेव्हा तिथल्या आजीने आपलं काळीज शेजारणीच्या ओटीत टाकलं. सुपात काय होतं ते मी स्वप्नातही म्हटलं नाही. वर्षं गेली, मूल तगलं. मग ते मूल घाटापलीकडे जायला निघालं. आजीला वाटलं, मालकीण इथे आणि मूल तिथे. वाटेत कुणी विचारलं हे कोणाचं, तर जी बाई ते घेऊन चाललीय ती म्हणेल, माझं. आणि तिथेच सगळं संपेल. म्हणून आजीने एक फोटो उचलला, आणि शेजारणीला म्हणाली, चल, मालकी कायद्यात लिहून घेऊ.

सुभद्रेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

"मी त्या बाईक सांगान बगलंय," ती म्हणाली, "जाव नको म्हणान. ती म्हणता, कायद्यान आवस जय थय चेडू. मगे मिया काय करू? कायद्याकच इचारलंय."

कायद्याचं उत्तर मात्र तिच्या बाजूचं नव्हतं, आणि ते मी तिला सरळ सांगितलं. फोटोच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं आहेत. आपल्याकडे फोटोला चौकट करतात, टाचणीने कुणी ठोकत नाही. हा फोटो ठोकला होता गंगारामने, बोटीवर, आपल्या झोपायच्या जागेवर. तो काढलाच असणार समुद्रावरच्या बापाला मुलगी दाखवायला. गंगाराम गेल्यावर त्याच्या ट्रंकेतून फोटो परत आला, आणि त्याच्याबरोबर नोकरीचं पुस्तक. त्यात शिक्के आहेत. पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत तो बोटीवर चढला आणि शहात्तरच्या एप्रिलमध्ये उतरला. बाप जिवंत आणि शुद्धीवर असेल तर मूल दत्तक देण्याचा अधिकार बापाचा; आई फक्त संमती देते. बाप समुद्रावर होता. म्हणजे त्या दिवशी त्या पडवीत मूल देऊ शकेल असं कुणी नव्हतंच.

हा कायदा मला कधीच आवडलेला नाही. पोटात वाढवणारीने नुसती मान हलवायची, हा कुठला न्याय? पण त्या दिवशी आईवर अविश्वास दाखवणारा तोच नियम एका आईला वाचवत होता. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला, आणि एक शिवीही दिली.

"कोर्टात मी फक्त हे पुस्तक दाखवीन," मी म्हटलं. "सुपाबद्दल एक अक्षर नाही. आणि नोटीस तुम्ही आपणहून मागे घेतलीत, तर पुस्तकही दाखवायला नको."

"आणि थय कोणी इचारल्यान तर?" सुभद्रेने विचारलं. "चेडू कोणाचा म्हणान?"

याचं उत्तर फक्त एक बाई देऊ शकत होती, आणि तिला शाळेत बारा वर्षं अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेण्याची सवय होती.

७

नोटीस मागे घेतली गेली. सरलाबाईंना मी तेच स्वप्न सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या, एकही शब्द सुधारला नाही. कोंबड्यांना टाकलेल्या मुठीपाशी आलो तेव्हा त्यांनी चेहरा फिरवला. पुढे काय करा, असं मी म्हटलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कट्ट्याच्या स्टॉपवर कोल्हापूरची गाडी लागली. ट्रंक वर चढली. सुभद्रा किराणा दुकानाच्या पायरीवर पाठ करून बसली होती. नर्मदा हातात एक फडकं घेऊन उभी होती, पुढे यावं की नाही ते तिला समजत नव्हतं.

सरलाबाई गाडीतून खाली उतरल्या. भर बाजारात त्यांनी पदर पसरला, नर्मदेने त्यात कोंडा ओतला. मग त्या छापील बोलणाऱ्या बाईंनी, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, जमेल तशा मालवणीत म्हटलं, "काकी, तुमचा चेडू मी सांभाळूक न्हेतंय. माझा नाय ता. तुमचाच."

दत्तकपत्र त्यांच्या पिशवीत होतं. माझ्या हातचं, शिक्क्यासकट. ते वाचवायला त्यांनी पंधरा दिवस झोप घेतली नव्हती, आणि स्वतःच्या तोंडाने त्यांनी ते सोडून दिलं. मी चष्मा पुसला. कंडक्टरला वाटलं बायकांची भांडणं मिटली, त्याने घंटी दिली.

त्यानंतर पाच वर्षं दर जुलैत नर्मदेची मूठभर पुडी गाडीने कोल्हापूरला गेली. ड्रायव्हर नक्की काय समजत होते, देव जाणे.

हे सगळं मी आज लिहितो, कारण आता लिहायला हरकत नाही. सत्त्याऐंशीच्या जुलैत मथूला बारा वर्षं पुरी झाली. सरलाबाई तिला घेऊन कट्ट्याला आल्या, नर्मदेपुढे सूपभर कोंडा ठेवून म्हणाल्या, तुमचा तुम्हाला पोचला, माझं मला द्या. मथू उंचीने नर्मदेच्या खांद्याला लागलेली. तरी नर्मदेने तिला क्षणभर मांडीवर बसवलं, आणि मग हाताला धरून सरलाबाईंच्या मांडीवर दिलं. मी तिथे होतो. दत्तक देणंघेणं मी शेकडो पाहिलीत, पण खरं असं तेवढंच.

सुभद्रा पंच्याहत्तरीची, काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली. कोनाड्यातली गाठोडी तिने सकाळीच म्हशीला घातली होती. ती मथूकडे बघत नव्हती. दाराबाहेर, माडांच्या वर कुठेतरी बघत होती.

"आयकलंस?" ती जोराने म्हणाली. "माझी नात ही. माझ्या गंगारामाचा चेडू, माझ्या लीलाचा. माझी नात."

मग तिने दार लावून घेतलं आणि मथूला जेवायला वाढलं.